रझाकार कसे वाढले? लातूर गावाचा धडा



गेल्या वर्षीची गोष्ट. आठवीच्या वर्गात हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणाचा भाग मी शिकवीत होतो. निजाम, स्वामी रामानंद तीर्थ, रझाकार, पोलीस कारवाई असे मुद्दे फळ्यावर लिहून झाले. इतक्यात मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहिला आणि त्याने विचारले, "सर, रझाकार आपले होते का?"

वर्ग एकदम शांत झाला. मी म्हणालो, "ते निजामाचे होते," आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. तास संपला. परंतु घरी जाताना द्वारका चौकात रस्ता ओलांडण्यासाठी थांबलो असता माझे मलाच वाटले की, आपण त्या मुलाला उत्तर दिले नाही, आपण त्याला टाळले. शिक्षकाने प्रश्न टाळला की विद्यार्थी त्याचे उत्तर दुसरीकडे शोधतो, आणि ते उत्तर देणारा कोण भेटेल याचा नेम नसतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न मी करीत आहे. उत्तर थोडे लांब आहे. त्यासाठी आपणास नाशिकहून सुमारे चारशे किलोमीटर दूर लातूरला जावे लागेल.

गोलाईचे गाव

लातूर आज जिल्ह्याचे ठिकाण आहे. हा जिल्हा 1982 साली निर्माण झाला. त्यापूर्वी लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते, आणि 1948 पर्यंत तो सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. गावाचा जीव बाजारात होता. आसपासच्या खेड्यांतून धान्य, गळिताची धान्ये आणि कापूस बैलगाड्यांतून येई, आडत्यांच्या दुकानांत त्याचे सौदे होत. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरपर्यंत पोहोचली आणि व्यापार आणखी वाढला. हिंदू व्यापारी होते, कच्छी मुसलमान व्यापारीही होते आणि त्यांच्यापैकी कित्येक चांगले श्रीमंत होते. हमाल, गाडीवान, विणकर, शिंपी, कारकून अशी दोन्ही धर्मांची माणसे त्या बाजारावर जगत होती.

लातूरच्या मध्यभागी 'गंजगोलाई' नावाची गोल इमारत आहे. फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने तिची आखणी केली आणि 1917 च्या सुमारास ती उभी राहिली. तिच्या मध्यावर अंबाबाईचे मंदिर आहे आणि तेथून सोळा रस्ते निघतात. एका मुसलमान रचनाकाराने आखलेल्या बाजाराच्या मधोमध देवीचे मंदिर, आणि भोवती सर्वांची दुकाने. गाव कसे होते हे सांगायला याहून वेगळे वर्णन नको. त्या गावात भांडणे नव्हती असे नाही. भांडणे सर्वच गावांत असतात. परंतु सकाळी दुकान उघडायचे तर शेजाऱ्याशी बोलावेच लागे.

याच गावात कासीम रझवी नावाचे एक वकील वकिली करीत. त्यांचे शिक्षण अलीगढला झाले होते. अलीगढचा शिकलेला वकील म्हणजे त्या काळच्या लहान गावात मोठे प्रस्थ. अर्ज लिहून घ्यायला, खटला समजून घ्यायला, सरकारी कचेरीत चार शब्द बोलायला लोक अशाच माणसाकडे जातात. पुढे ज्यांच्या नावाने सारे संस्थान हादरले ते रझवी कोणी दरोडेखोर म्हणून पुढे आलेले नव्हते. ते गावातले शिकलेले गृहस्थ होते. विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट आधी ध्यानात ठेवा.

फुकटची बादशाही

हैदराबाद हे देशातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक होते. 1941 च्या शिरगणतीप्रमाणे त्याची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 63 लाख होती. त्यात मुसलमान साधारणतः आठांत एक. राजा मुसलमान, दरबारची आणि कचेरीची भाषा उर्दू, वरच्या नोकऱ्यांत मुसलमानांचा भरणा मोठा. परंतु वरच्या नोकऱ्या किती असणार? बहुसंख्य मुसलमान टांगेवाले, विणकर, शिपाई, लहान दुकानदार आणि शेतमजूर होते. निजाम जगातील धनाढ्यांत गणला जाई, आणि त्याच्या धर्माचा गरीब माणूस शेजारच्या हिंदू गरिबासारखाच गरीब होता.

1927 मध्ये हैदराबाद शहरात मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन ही संस्था स्थापन झाली. मुसलमानांतील निरनिराळ्या पंथांना एकत्र आणावे, समाजाचे हित पाहावे, असा तिचा प्रारंभीचा हेतू होता. यात गैर काही नव्हते. 1938 मध्ये बहादूर यार जंग तिचे अध्यक्ष झाले. ते असामान्य वक्ते होते. त्यांच्या काळात एक विचार लोकांच्या मनात रुजविला गेला. त्याला 'अनल मलिक' म्हणत. अर्थ असा की, या संस्थानाची सत्ता एकट्या निजामाची नाही, ती येथील प्रत्येक मुसलमानाची आहे, आणि निजाम हा तिचे केवळ प्रतीक आहे.

क्षणभर त्या टांगेवाल्याच्या जागी उभे राहून पाहा. अंगात फाटका सदरा, घोड्याला चारा घ्यायला पैसे नाहीत, आणि व्यासपीठावरून एक थोर माणूस सांगतो की, तू राजा आहेस. या विचाराने टांग्याचे भाडे एक पैशाने वाढत नव्हते. परंतु मान ताठ होत होती. अशी फुकटची बादशाही ज्याला मिळते त्याला ती जपण्यासाठी एक शत्रूही लागतो. आपल्या शेजाऱ्याने 'आम्हालाही राज्यकारभारात वाटा द्या' असे म्हटले, तर ते हक्काचे मागणे वाटत नाही, आपले राज्य लुटले जात आहे असे वाटू लागते.

याच वर्षांत संस्थानी प्रजाही जागी होत होती. 1938 मध्ये स्टेट काँग्रेसने जबाबदार राज्यपद्धतीसाठी सत्याग्रह केला. आर्य समाजाचाही सत्याग्रह 1938-39 मध्ये झाला. स्टेट काँग्रेसवर निजाम सरकारने घातलेली बंदी 1946 पर्यंत टिकली. प्रजेची मागणी न्याय्य होती. ती वेळीच मान्य झाली असती, तर पुढचा रक्तपात कदाचित टळला असता. परंतु सनदशीर मार्ग बंद झाले की दोन्ही बाजूंच्या कडव्या माणसांना चांगले दिवस येतात.

भीती आणि खाकी

1944 मध्ये बहादूर यार जंग अकस्मात वारले. 1946 मध्ये मजलिसचे अध्यक्षपद लातूरच्या या वकिलाकडे आले. वेळ अशी होती की, देशाची फाळणी डोक्यावर आली होती. बिहार, पंजाब, दिल्ली येथून कत्तलींच्या बातम्या येत होत्या. शेजारच्या प्रांतांतून घाबरलेली मुसलमान कुटुंबे आसरा शोधत हैदराबाद संस्थानात येत होती. डोक्यावर गाठोडे घेऊन आलेल्या माणसाने आपल्या ओट्यावर बसून काही सांगितले, तर त्याचा जो परिणाम होतो तो शंभर भाषणांचा होत नाही.

वाचकहो, ती भीती खरी होती. हेच आपण समजून घ्यावयाचे आहे. अतिरेकी चळवळ केवळ खोट्या गोष्टींवर उभी राहत नाही. लोकांचे दुःख खरे असते, भीती खरी असते. त्यावर दिले जाणारे औषध मात्र विषारी असते. आठांत एक असलेल्या समाजाला कोणी सांगावे की, उरलेल्या सातांशी सलोखा करू नका, हाती भाला घ्या, तर ते औषध की विष, हे त्या वेळी विचारावयास हवे होते.

औषध म्हणून जी फौज उभी केली गेली तिचे नाव रझाकार. शब्द मोठा सुंदर आहे. 'रझा' म्हणजे मर्जी. जो स्वतःच्या मर्जीने, मोबदल्याविना सेवा करतो तो रझाकार, म्हणजे स्वयंसेवक. हे स्वयंसेवक दल आधीपासून होते. रझवी यांनी त्याची लष्करी धर्तीवर वाढ केली. गावोगाव कवायती सुरू झाल्या. खाकी कपडे, लाठ्या, भाले, तलवारी आणि मिळतील तशा बंदुका. दलाची संख्या लाखाच्या पुढे गेली होती असे अंदाज आहेत. ज्या तरुणाला काम नव्हते त्याला काम मिळाले, ज्याला कोणी विचारीत नव्हते त्याला हुद्दा मिळाला. काल बाजारात ज्याला दुकानदार हाकलून देत, तो आज वर्गणी मागायला आला की दुकानदार उठून उभा राहू लागला. वर्गणी हळूहळू खंडणी झाली.

आता असा प्रश्न येतो की, सरकार कोठे होते? 1947 च्या ऑक्टोबर महिन्यात त्याचे उत्तर मिळाले. निजामाचे पंतप्रधान छत्तारीचे नवाब भारत सरकारशी 'जैसे थे' कराराची बोलणी करीत होते. त्यांचे शिष्टमंडळ दिल्लीला निघणार, त्या 27 ऑक्टोबरच्या पहाटे मजलिसच्या हजारोंच्या जमावाने शिष्टमंडळातील प्रमुखांच्या बंगल्यांना वेढा घातला. पोलिसांनी जमाव पांगविला नाही. शिष्टमंडळ निघू शकले नाही. छत्तारीचे नवाब पदावरून गेले, आणि थोड्याच दिवसांत मजलिसला चालतील असे मीर लायक अली पंतप्रधान झाले. करार पुढे 29 नोव्हेंबर 1947 रोजी झालाच, परंतु त्या रात्रीपासून संस्थानात खरी सत्ता कोणाची हे सर्वांना कळून चुकले. निवडणूक झाली नाही, युद्ध झाले नाही. जमाव रस्त्यावर आला आणि ज्यांनी त्याला अडवायचे ते बाजूला उभे राहिले, एवढ्यानेच काम झाले.

त्यानंतरचे दहा महिने मराठवाडा, तेलंगण आणि कानडी जिल्ह्यांच्या इतिहासातील अत्यंत काळे महिने आहेत. रझाकारांच्या टोळ्यांनी खेडी लुटली, घरे जाळली, माणसे मारली, स्त्रियांवर अत्याचार केले. 1948 च्या मे महिन्यात बिदर जिल्ह्यातील गोरटा या गावी झालेल्या हत्याकांडाची आठवण तिकडे आजही काढली जाते. हजारो हिंदू कुटुंबे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे सोलापूर, नगर, वऱ्हाड या भागांत गेली. आपल्या आसफजाही झेंड्याने दिल्लीचा लाल किल्ला गाठण्याच्या वल्गना रझवींच्या भाषणांत होत असल्याची वृत्ते तेव्हा छापून येत होती. टाळ्या पडत होत्या. हे अत्याचार आपण लपवून ठेवण्याचे कारण नाही. लपविले, तर पुढचे बोलण्याचा अधिकार आपणास उरत नाही.

जे बोलले

सगळेच गप्प होते काय? नव्हते. येथे मला काही नावे विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावयाची आहेत, कारण ती फारशी कानांवर पडत नाहीत.

फरीद मिर्झा हे महसूल खात्यातील अधिकारी. रझाकारांची कृत्ये पाहून त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. 1948 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आणि बाकर अली मिर्झा, मुल्ला अब्दुल बासित प्रभृती मिळून सात मुसलमान गृहस्थांनी एक जाहीर निवेदन काढले. रझाकार संघटना बरखास्त करा आणि संस्थान भारतात सामील करा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्या दिवसांत अशा कागदावर सही करणे म्हणजे काय, याची कल्पना आपण आज घरात बसून करू शकत नाही.

दुसरे नाव शोएबुल्लाखान. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे हे तरुण संपादक. वय तिशीच्या आत. त्यांनी आपल्या पत्रात रझाकारांवर सडकून टीका केली आणि भारतातील विलीनीकरणाचा पुरस्कार केला. त्यांना धमक्या आल्या. त्यांनी लिहिणे थांबविले नाही. 1948 च्या ऑगस्ट महिन्याच्या 21-22 तारखेच्या रात्री कचेरीतून घरी परतत असता मारेकऱ्यांनी त्यांना गाठले. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि ज्या हाताने ते लिहीत तो हात तोडला. पोलीस कारवाई सुरू व्हायला त्या वेळी जेमतेम तीन आठवडे उरले होते.

हे सात आणि एक असे आठ लोक. आणखीही असतील. परंतु ज्यांना आतून हे सारे पटत नव्हते त्यांची संख्या हजारोंनी असली पाहिजे. कच्छी व्यापाऱ्याला बाजार बंद पडलेला कसा परवडेल? विणकराला सूत आणि गिऱ्हाईक दोन्ही हवे असते. मशिदीतून घरी जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला शेजारच्या पाटलाचे घर जळाल्याचा आनंद कसा होईल? परंतु बोलावे तर 'गद्दार' ठरावे, आणि आज ना उद्या हे थंड होईल, या आशेवर बहुतेक जण राहिले.

किंमत कोणी दिली?

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. पाच दिवसांत सारे संपले. 17 सप्टेंबरला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. तोच दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो. लाल किल्ल्यापर्यंत जाणारी फौज पाच दिवसही टिकली नाही. खाकी कपडे रातोरात विहिरीत आणि चुलीत गेले.

मुक्तीचा आनंद खरा होता. परंतु त्यानंतर जे घडले तेही इतिहासच आहे. रझाकारांनी जे केले त्याचा सूड पुष्कळ ठिकाणी अशा माणसांवर उगविला गेला, ज्यांचा रझाकारांशी काहीही संबंध नव्हता. पंडित नेहरूंनी परिस्थिती पाहण्यासाठी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठविले. 1948 च्या अखेरीस हे सद्भावना मंडळ संस्थानभर फिरले. कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर 27 हजार ते 40 हजार माणसांचा बळी गेला असावा, असा त्यांचा अंदाज होता. त्यांचा अहवाल दीर्घ काळ सरकारी दप्तरातच राहिला. 2013 च्या सुमारास तो अभ्यासकांना पाहावयास मिळू लागला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाली, असे त्यात नमूद आहे. रझाकारांचा जोर जेथे अधिक होता, तेथेच हे अधिक घडले.

त्या अहवालात लातूरचा उल्लेख आहे, आणि तो कासीम रझवींचे गाव असाच आहे. तेथे वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. गावातील मुसलमानांची वस्ती सुमारे दहा हजार होती. मंडळ तेथे पोहोचले तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. हजाराहून अधिक मारले गेले होते, आणि बाकीचे जीव मुठीत धरून पळाले होते. गंजातील ज्या कच्छी व्यापाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या व्यापार केला, ते बरबाद झाले.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. कित्येक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी आपले प्राण धोक्यात घालून मुसलमान कुटुंबांना वाचविले. एकाच धंद्यातील माणसांत हे विशेष दिसले. काही गावी हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्यासाठी त्यांच्यापैकी काहींना जीवही गमवावा लागला. मागाशेजारी माग चालविण्याचे नाते भाषणांहून बळकट निघाले.

आणि रझवी? त्यांना अटक झाली, खटला चालला, शिक्षा झाली. 1957 मध्ये सुटल्यावर ते पाकिस्तानात गेले आणि 1970 मध्ये कराचीत वारले. मजलिस पुढे 1957-58 मध्ये भारताचे संविधान मान्य करून नव्याने उभी राहिली. तो वेगळा विषय आहे. आपल्या विषयापुरते सांगायचे ते एवढेच की, नेत्याला दुसरा देश मिळाला. लातूरच्या टांगेवाल्याला, विणकराला दुसरे लातूर मिळाले नाही.

जर्मनीतील एक गाव

कोणी म्हणेल, हा दोष आमच्याच लोकांचा दिसतो. कोणी म्हणेल, आमचे लोक अडाणी म्हणून असे झाले. दोन्ही समज चुकीचे आहेत. ते दूर करण्यासाठी दुसऱ्या एका लहान गावाकडे पाहू. तेथे ना मुसलमान होते, ना अडाणी.

जर्मनीत तत्कालीन हॅनोव्हर प्रांतात नॉर्थाइम नावाचे त्या वेळी सुमारे दहा हजार वस्तीचे गाव होते. रेल्वेचे नोकर, सरकारी कारकून, दुकानदार, शिक्षक असे तेथील लोक. सारे साक्षर. विल्यम शेरिडन ॲलन या अमेरिकन इतिहासकाराने या एका गावात हिटलरचा पक्ष कसा वाढला, याचा कसून अभ्यास केला आणि 1965 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. गावकऱ्यांना संकोच नको म्हणून पहिल्या आवृत्तीत त्यांनी गावाचे नावदेखील बदलले होते.

1928 मध्ये साऱ्या जर्मनीत नाझी पक्षाला तीन टक्क्यांहून कमी मते होती. 1932 च्या जुलैत ती 37 टक्क्यांवर गेली, आणि नॉर्थाइममध्ये निम्म्याहून बरीच पुढे गेली. मधल्या चार वर्षांत काय झाले? मंदी आली. गावातील पुष्कळ मध्यमवर्गीयांची नोकरी गेलेली नव्हती, परंतु जाईल ही भीती होती. मजूर पक्षाची त्यांना धास्ती होती. नाझींनी गावात एकामागून एक सभा घेतल्या, बँड वाजविले, कवायती केल्या, नाटके आणि करमणुकीचे कार्यक्रम केले. सभेला तिकीट लावीत आणि लोक तिकीट काढून जात. गावात एक पुस्तकविक्रेता होता, सर्वांच्या आदरास पात्र. तो पक्षात गेला, तेव्हा लोक म्हणाले, एवढा सज्जन माणूस त्यात आहे, म्हणजे ते वाईट नसणार. यहुद्यांचा द्वेष करावा म्हणून बहुतेकांनी मत दिले नव्हते. त्या द्वेषाकडे त्यांनी काणाडोळा केला, एवढेच. आणि 1933 मध्ये सत्ता येताच गावातील गायन मंडळे, क्रीडा मंडळे, कामगारांचे संघ एकेक करून मोडले गेले किंवा पक्षाच्या ताब्यात गेले. चार माणसांनी एकत्र बसून मोकळेपणी बोलावे अशी जागाच गावात उरली नाही.

लातूर आणि नॉर्थाइम यांच्यात धर्म वेगळा, भाषा वेगळी, राज्यपद्धती वेगळी. एके ठिकाणी मतपेटी होती, दुसरीकडे तीही नव्हती. परंतु वाट पाहिली तर तीच. प्रथम खरी भीती किंवा खरे दुःख. मग ताठ मानेचे खोटे आश्वासन. मग एखादा शिकलेला, प्रतिष्ठित चेहरा. मग गणवेश, कवायत आणि रिकाम्या हातांना मिळालेला मान. मग ज्यांनी अडवायचे त्यांनी बाजूला होणे. मग आपल्यातल्याच शहाण्या माणसाला गद्दार ठरविणे. हिंसा सर्वांत शेवटी येते, आणि ती येते तेव्हा बोलण्याची वेळ निघून गेलेली असते. अशी वाट कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही झेंड्याच्या लोकांसाठी मोकळी असते. आज ती आपल्या भोवती कोणी चालत असेल तर तो कोणत्या रंगाचा झेंडा घेऊन चालतो याला महत्त्व नाही.

आपल्यासाठी

विद्यार्थी मित्रांनो, आपला द्वारका चौक तुम्ही रोज पाहता. एक रस्ता पुण्याकडे, एक मुंबईकडे, एक धुळे-आग्र्याकडे आणि एक जुन्या नाशकाकडे. उड्डाणपुलाखालून दिवसभर माणसे जातात, मालमोटारी जातात. येथे गॅरेजमध्ये एकाच गाडीखाली दोन धर्मांचे हात काळे झालेले दिसतात. फळांच्या गाडीवर भाव करताना कोणी जात विचारीत नाही. हे सारे आपोआप टिकत नाही. लातूरच्या गोलाईतही ते होते.

उद्या तुम्हाला कोणीतरी बोलवायला येईल. तो मोठा गोड बोलेल आणि तुमच्या मनातले खरे दुःखच बोलून दाखवील. तेव्हा त्याला चार प्रश्न विचारा. हे काम माझ्या वडिलांसमोर, शिक्षकांसमोर उघडपणे सांगता येईल काय? यासाठी मला कोणाचा द्वेष करावा लागेल काय? यात 'नाही' म्हणणाऱ्या माणसाचे तुम्ही काय करता? आणि उद्या हे उलटले तर किंमत कोण देईल, तुम्ही की माझा मोहल्ला? या चार प्रश्नांची सरळ उत्तरे जो देत नाही त्याच्यामागे जाऊ नका.

पालकहो, आपणास विनंती एकच. घरात मुले अशा गोष्टी विचारतात तेव्हा त्यांना गप्प करू नका. मी वर्गात केले तसे टाळूही नका. अन्याय झाला असेल तर तो अन्याय आहे असेच सांगा. त्याच्या निवारणासाठी कायदा आहे, मतदान आहे, लेखणी आहे, हेही सांगा. ज्याच्या मनाला घरात आणि शाळेत उत्तर मिळते, त्याला ते चौकात शोधावे लागत नाही. आपल्या संस्था ज्यासाठी उभ्या आहेत त्यात हेही एक काम आहे असे मी मानतो. वकिलीची सनद मिळविणे म्हणजे तालीम नव्हे, हे लातूरने दाखवून दिले आहे.

आता त्या विद्यार्थ्याला उत्तर देतो. बाळ, तू विचारलेस, रझाकार आपले होते का. होय, ते आपल्या धर्माचे होते, आणि त्यांनी केलेले अत्याचार कबूल करताना आपण मान खाली घातली पाहिजे. परंतु ज्याचा हात तोडला गेला तो शोएबुल्लाखानही आपल्याच धर्माचा होता. नोकरीवर पाणी सोडणारे फरीद मिर्झाही होते. लातूर सोडून पळालेला, ज्याने कधी भाला हाती धरला नव्हता, तो दुकानदारही होता. आणि मुसलमान शेजाऱ्यासाठी दारात उभा राहून मेलेला तो हिंदू विणकर आपल्या धर्माचा नव्हता, तरी तो आपलाच होता.

जन्माने आपले कोण, हे आपल्या हाती नसते. यांच्यापैकी कोणाला आपला म्हणायचे, हे मात्र तुझ्या हाती आहे. या वर्षी तो पाठ पुन्हा येईल, तेव्हा फळ्यावर रझाकारांच्या नावाखाली शोएबुल्लाखानांचे नाव मी लिहिणार आहे.